गड्डा कोठी हाये बे?

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. सकाळी एखादी बेकरी काही तास उघडते, तेवढंच. किराणा शनिवारीच भरून ठेवायचा. रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज झाला की शेजारी दार वाजवतात. अशा शांततेत वऱ्हाडातल्या माणसाचा जीव घुसमटतो. म्हणून इथं शिकायला-कमवायला आलेली आपली पोरं शनिवार उजाडला की पाठीला बॅग लावून रेल्वे स्टेशन गाठतात. मे २०२३ मध्ये ४९ युरोंचं मासिक तिकीट निघालं, मग तर विचारायलाच नको. ते पुढं महागलं, तरी देशभरच्या साध्या, थांबत-थांबत जाणाऱ्या गाड्यांना चालतंच.

मी आसेगावचा, जिल्हा वाशीम. राहतो स्टुटगार्टच्या बाजूला. हे शहर आणि मुंबई १९६८ पासून जुळी शहरं आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रानं इथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करारही केला, त्यामुळे मराठी कानावर पडत राहतं. आमच्या टोळक्यात पुसदचा एक, साताऱ्याची एक आणि हैदराबादचा एक. राजवाडे झाले, तळी झाली, लाकडी घरांची चित्रासारखी गावं झाली. खरं सांगायचं तर तिसऱ्या गावानंतर सगळी गावं सारखीच दिसतात. मग कुणीतरी नॉर्डलिंगनचं नाव काढलं. आलेनला गाडी बदलली की राज्याची हद्द ओलांडून बायर्नमध्ये शिरल्याबरोबर हे गाव येतं. जुन्या गावाभोवती अखंड तटबंदी आहे आणि तिच्यावरून सगळ्या गावाला फेरी मारता येते. ती जवळजवळ पावणेतीन किलोमीटरची. वरून पाहिलं तर गाव गोल गरगरीत. १९७१ च्या विली वोंकाच्या चित्रपटात शेवटी काचेची लिफ्ट आकाशात उडते तेव्हा खाली दिसतं ते हेच.

गावाच्या मधोमध संत गेओर्गचं चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याला लोक लाडानं ‘डॅनियल’ म्हणतात. उंची सुमारे ९० मीटर, पायऱ्या ३५०. वर आजही पहारेकरी असतो आणि रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाला ‘सो, क्सेल, सो’ अशी आरोळी ठोकतो. १४४० मध्ये वेशीचा दरवाजा फितुरीनं उघडा राहिला होता आणि एका डुकरानं त्याला अंग घासलं म्हणून ते उघडकीला आलं, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. डुकरानं गाव वाचवलं, असं अभिमानानं सांगणारी माणसं मला आवडतात.

आम्ही धापा टाकत वर पोचलो. खाली लाल कौलांचं कडं, पलीकडे सपाट शेतं, आणि फार लांब, क्षितिजाच्या कडेनं निळसर टेकड्यांची एक बुटकी रांग. पुसदच्या मित्रानं चारी बाजूंना मान फिरवली आणि विचारलं, “गड्डा कोठी हाये बे?”

प्रश्न बरोबर होता. आम्ही उल्कापाताचं विवर पाहायला आलो होतो आणि विवर काही दिसत नव्हतं. इंटरनेटवर ती गोल तटबंदी पाहून बऱ्याच जणांना तोच विवराचा काठ वाटतो. तटबंदीच्या आतलं गाव जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे. ‘रीस’ नावाच्या विवराचा व्यास मात्र सुमारे २४ किलोमीटर. ती निळसर टेकड्यांची रांग हाच त्याचा काठ. आम्ही गड्ड्याच्या आत, त्याच्या तळातल्या गावात, तळावर उभारलेल्या मनोऱ्याच्या टोकावर उभं राहून गड्डा शोधत होतो.

१ कोटी ४८ लाख वर्षांपूर्वी अंदाजे किलोमीटर-सव्वा किलोमीटर रुंदीचा एक लघुग्रह इथं आदळला. वेग सेकंदाला वीसेक किलोमीटर. या वेगानं वाशीमहून लोणार चार सेकंदांच्या आत येतं. एवढ्या वेगानं आलेला दगड जमिनीत नुसता घुसून बसत नाही. आदळताक्षणी त्याची गती दाबात आणि उष्णतेत बदलते, दगडाची वाफ होते आणि स्फोट होतो. म्हणूनच दगड तिरका आला तरी विवर बहुतेक वेळा गोलच होतं, आणि ते दगडाच्या साधारण वीसेक पट रुंद भरतं. रीसमध्ये वरचा चुनखडीचा आणि वालुकाश्माचा थर फाटला, त्याखालच्या ग्रॅनाइट आणि नाइस खडकापर्यंत धक्का पोचला, आणि काही मिनिटांत सगळं निपचित झालं. निसर्गाला डोंगर उभा करायला लाखो वर्षं लागतात असं आपण शाळेत शिकतो. साडेचारशे चौरस किलोमीटरचं खोरं तो चहा उकळायच्या आत करून टाकतो, हे कुणी शिकवत नाही.

धक्क्यानं उडालेले चुनखडीचे धोंडे सत्तर किलोमीटरपर्यंत जाऊन पडलेले सापडतात. हाच दणका लोणारच्या जागी बसला असता तर धोंडे वाशीमपर्यंत आले असते. त्याहून अजब आहे ती काच. पृष्ठभागावरची माती-वाळू वितळून हवेत उडाली, उडता उडता थिजली आणि तीन-चारशे किलोमीटर पूर्वेला, आजच्या चेक प्रजासत्ताकात, हिरव्या पारदर्शक थेंबांच्या रूपात पडली. त्यांना मोल्डाव्हाइट म्हणतात, दागिन्यांत जडवतात. आपल्या नकाशावर बोट ठेवायचं तर लोणारला दणका बसावा आणि नागपूरच्या पलीकडे हिरव्या काचेचा पाऊस पडावा, असं ते अंतर.

हे सगळं आज ठामपणे सांगता येतं. पण १९६० पर्यंत बहुतेक भूवैज्ञानिक रीसला ज्वालामुखीचं तोंड मानत होते. त्यांना वेड्यात काढायचं कारण नाही. तिथं एक राखाडी खडक सापडतो, त्यात काळपट काचेचे चपटे तुकडे रुतलेले असतात आणि तो दिसतो अगदी ज्वालामुखीच्या राखेच्या खडकासारखा. त्याचं नाव सुएव्हाइट. त्यातल्या काचेच्या तुकड्यांना तिथले लोक ‘फ्लेडले’ म्हणतात. स्वाबियन सुपात धिरड्याचे काप घालतात, त्यांचं हे नाव. हा खडक हलका, कापायला सोपा, म्हणून मध्ययुगीन गवंड्यांनी त्याचंच चर्च बांधलं. डॅनियलही त्याचाच.

१९६० च्या उन्हाळ्यात यूजीन शूमेकर हा अमेरिकी भूवैज्ञानिक तिथं आला. त्यानं अ‍ॅरिझोनाच्या विवराचा अभ्यास केलेला होता. सुएव्हाइटचे नमुने त्यानं अमेरिकेला एडवर्ड चाओ या सहकाऱ्याकडे धाडले आणि चाओला त्यात कोएसाइट सापडलं. कोएसाइट म्हणजे आपली साधी गारगोटीच, पण दाबानं घट्ट वळलेली. ती घडायला वातावरणाच्या वीस-तीस हजार पट दाब लागतो. प्रयोगशाळेत ती पहिल्यांदा १९५३ मध्ये लोरिंग कोज या रसायनतज्ज्ञानं बनवली, नाव त्याचंच. एवढा दाब जमिनीखाली फार खोलवर असतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी नसतो. पृष्ठभागावरच्या खडकात तो निर्माण करणारी नैसर्गिक गोष्ट एकच, आकाशातून आलेला तडाखा. वाद मिटला. गावकरी शेकडो वर्षं ज्या भिंतीला टेकून गप्पा मारत होते, तो पुरावा होता.

त्याच भिंतीत हिरेही आहेत. खालच्या नाइस खडकात ग्राफाइट होतं, शिसपेन्सिलीतलं. धक्क्यानं त्याचे हिरे झाले. अंगठीत घालायला निरुपयोगी. बहुतेक मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही लहान. पण या विवरात असे सुमारे ७२,००० टन हिरे असावेत असा अंदाज आहे. मी चर्चच्या भिंतीला नाक लावून पाहिलं. राखाडी, खरबरीत, पावसानं खाल्लेला दगड. मधे मधे काळ्या काचेचे फाटके तुकडे. एका भोकात कोळ्याचं जाळं. हिरा अर्थातच दिसला नाही. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतही नाही.

ऑगस्ट १९७० मध्ये अ‍ॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, यूजीन सर्नन आणि जो एंगल हे अमेरिकी अंतराळवीर इथं दगड ओळखायला शिकायला आले होते. चंद्रावर जाऊन कुठला दगड उचलायचा, हे कळायला विवरातला दगड हातात धरून पाहावा लागतो. त्यातले तिघं पुढं खरंच चंद्रावर चालले. गावातल्या जुन्या इमारतीत १९९० मध्ये रीस विवराचं संग्रहालय झालं. तिथं अपोलो १६ नं आणलेला चंद्राचा एक तुकडा काचेआड ठेवला आहे. हैदराबादच्या मित्रानं त्याच्यासमोर अर्धा तास काढला. शूमेकरला स्वतःला चंद्रावर जायचं होतं, प्रकृतीमुळे जाता आलं नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरं शोधत फिरताना अपघातात तो गेला, आणि १९९९ मध्ये त्याची थोडी रक्षा एका यानाबरोबर चंद्रावर पोचली.

त्याच संग्रहालयातल्या एका फलकापाशी मी अडखळलो. विवर झाल्यावर त्यात पाणी साठलं आणि जवळजवळ वीस लाख वर्षं तिथं तळं होतं. सुरुवातीच्या काळात ते खारं होतं, सोड्याचं होतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या तळ्याच्या गाळातल्या नायट्रोजनवरून पाणी तीव्र अल्कधर्मी असल्याचं दाखवलं आहे. विवर, बंद तळं, सोड्याचं पाणी. साताऱ्याच्या मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. “अरे, हे तर तुमचं लोणार.”

आसेगावहून वाशीम, तिथून रिसोड, मग लोणार. आमच्याकडच्या माणसाला लोणार म्हणजे दैत्यसूदनाचं देऊळ, धारेचं स्नान, कमळजादेवीचं दर्शन आणि शाळेची सहल. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली लपला होता, विष्णूनं पायाच्या अंगठ्यानं त्याच्या बिळाचं झाकण उडवलं, ते लांब जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली, पाणी म्हणजे त्याचं रक्त, असं म्हातारी माणसं सांगत. रीसचे सत्तर किलोमीटर उडालेले धोंडे पाहून आल्यावर ते उडालेलं झाकण मला पहिल्यापेक्षा फारच गंभीरपणे घ्यावंसं वाटतं.

लोणारला ‘गड्डा कोठी हाये’ असं विचारावं लागत नाही. काठावर पाय ठेवला की आख्खं विवर एका नजरेत मावतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यास, दीडशे मीटरच्या आसपास खोली, उतारावर जंगल आणि तळाशी हिरवट पाण्याची ताटली. पृथ्वीवर दोन-चार किलोमीटरपर्यंतची विवरं अशी साध्या वाटीची राहतात. त्याहून मोठी झाली की भिंती आत ढासळतात, तळ उसळी मारतो आणि रीससारखा गुंतागुंतीचा प्रकार होतो. म्हणून विवर म्हणजे काय हे डोळ्यांनी समजून घ्यायचं असेल तर चोवीस किलोमीटरच्या रीसपेक्षा पावणेदोन किलोमीटरचं लोणार केव्हाही सरस.

लोणारची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं केली, पण ते आपल्या लोकांना त्याआधी कितीतरी शतकं ठाऊक होतं. तळ्याच्या क्षारांचा उल्लेख अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरीतही आहे. यालाही लोक दीर्घकाळ ज्वालामुखीच मानत होते. आणि इथं तर तसं मानायला अधिकच जागा होती, कारण लोणारच्या चहूबाजूंचा खडकच ज्वालामुखीचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून दख्खनचा बेसॉल्ट झाला. तोच झिजून आमच्या आसेगावची काळी माती झाली, जिच्यात आज तूर-सोयाबीन उभं असतं.

बेसॉल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसते. म्हणजे शूमेकरची युक्ती इथं चालणार नव्हती. मग पुरावा कशात शोधायचा? बेसॉल्टमध्ये भरपूर असतं ते फेल्डस्पार हे खनिज. त्याला भयंकर धक्का बसला की त्याची स्फटिकरचना मोडते आणि तो न वितळताच काचेसारखा होतो. बाहेरचा आकार तोच, आतली शिस्त नाहीशी. या पदार्थाला मॅस्केलिनाइट म्हणतात. तळ्याच्या गाळाखाली छिद्रं पाडून काढलेल्या खडकांत हे मॅस्केलिनाइट सापडलं, आणि १९७३ मध्ये कर्ट फ्रेड्रिक्सन यांच्यासह अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी ते जाहीर केलं. लोणार उल्कापाताचं, हे तेव्हा नक्की झालं.

मॅस्केलिनाइट पहिल्यांदा कुठं सापडलं माहीत आहे? बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ रोजी एक उल्का पडली होती, तिच्यात. १८७२ मध्ये त्याचं वर्णन झालं. पुढं शंभराहून अधिक वर्षांनी कळलं की ती उल्का मंगळावरून आली आहे. मंगळावर असाच कुणीतरी तडाखा मारला, तिथला बेसॉल्ट उडाला आणि अवकाशात भटकत भटकत बिहारात पडला. आता जोड लावून पाहा. मंगळाची जमीन मोठ्या भागात बेसॉल्टची आहे. चंद्राचे काळे डागही बेसॉल्टचेच. पृथ्वीवर पक्की ओळख पटलेली विवरं सुमारे दोनशे, त्यातली बेसॉल्टमधली बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही झिजून न गेलेलं, शाबूत वाटीचं म्हणावं तर लोणार. मंगळावरच्या विवराची तालीम करायची तर जगभरच्या शास्त्रज्ञांना रिसोडच्या पुढची एसटी धरावी लागते, असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल.

आता सोड्याचं पाहू. लोणारच्या विवरात पाणी येतं, धार आणि पावसाचे ओहोळ येतात, पण बाहेर जायला वाट नाही. जातं ते फक्त वाफ होऊन. बेसॉल्ट झिजताना पाण्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम चुन्यासारखे तळाशी बसतात, सोडियम मात्र पाण्यात राहतो आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. पाण्याचा पीएच दहाच्या आसपास जातो. याचा घरगुती पुरावा आमच्याकडे प्रत्येक वाटाड्याला ठाऊक आहे. बाटलीच्या झाकणात तळ्याचं पाणी घ्यायचं, चिमूटभर हळद टाकायची. पिवळी हळद डोळ्यांदेखत कुंकवासारखी लाल होते. काठाच्या काळ्या चिखलात सडक्या अंड्यांचा वास, दगडांवर पांढरी खरपुडी, आणि झाकणात कुंकू. नॉर्डलिंगनच्या जागी मनोरा, तटबंदी आणि डुक्कर यायच्या कितीतरी आधी तिथंही असलंच पाणी होतं. रीसचं तळं गाळानं भरून गेलं, गाळावर शेतं आली. लोणारचं अजून ओलं आहे. लोणार म्हणजे रीसचं बालपण, हे माझं मत मी जर्मन मित्रांनाही ऐकवतो आणि ते मान डोलावतात.

असल्या पाण्यात बहुतेक मासे टिकत नाहीत, पण जीव आहेत. जून २०२० मध्ये सगळं तळं गुलाबी झालं आणि लोक बिचकले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं ते गुलाबी रंगद्रव्य निघालं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार वाढले, त्यांचं फावलं. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक तर ते १९७९ पासूनच आहे.

वयाचा घोळ मात्र गमतीचा आहे. एका पद्धतीनं, थर्मोल्युमिनेसन्सनं, लोणारचं वय सुमारे ५२,००० वर्षं निघालं होतं. नंतर काचेतल्या आर्गॉनवरून ते ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. दहापट फरक! आर्गॉनचा आकडा आज अधिक मानला जातो, आणि तो धरला तरी रीसच्या मानानं लोणार कालचं पोर आहे.

नॉर्डलिंगनला एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्यांनी आपला गड्डा शिकवायची सोय केली आहे. शाळेच्या पोरांच्या उंचीला बसतील असे फलक, खाणीत दगडाला हात लावून पाहायची मुभा, वाटेवर बाण, चंद्राचा तुकडा. लोणारला आपण देवळं दाखवतो, तळं दाखवतो, आणि मॅस्केलिनाइटचं नावही न काढता मुलांना बसमध्ये बसवतो. ही आपली चूक आहे, आणि ती सुधारायला चंद्रावर जावं लागत नाही. रिसोडच्या, मेहकरच्या, वाशीमच्या भूगोलाच्या मास्तरांनी ठरवलं तरी पुष्कळ झालं.

जर्मनीत असाल तर आलेनला गाडी बदलून नॉर्डलिंगनला जरूर जा. सुट्टीत घरी आलात की लोणारला जा, आणि पोरांना बरोबर न्या. उतरायचं ते सकाळीच. परतीचा चढ दुपारच्या उन्हात जीव काढतो. हळदीची पुडी खिशात असू द्या. काठावरचा दगड मात्र आठवण म्हणून उचलून आणू नका. त्या विवराची साक्ष देणारे दगड तेवढेच आहेत, आणि ते तिथंच राहायला हवेत.